रिकामी पिकअप दर थंडीत घसरते: मागे वजन कधी टाकायचं, कुठे टाकायचं आणि कधी अजिबात टाकायचं नाही

डिसेंबर लागला की इंदूरच्या आसपास पिकअप चालवणाऱ्यांकडून एकच तक्रार ऐकू येते. भरलेली गाडी कुठूनही निघते, पण पहाटे माल भरायला निघालेली रिकामी गाडी मधेच अडते आणि मागची चाकं जागच्या जागी फिरत राहतात. कुणाची सांवेर-देपालपूरकडे बटाट्याच्या शेताला जाणाऱ्या गाडवाटेवर, कुणाची सिमरोलच्या पुढे भेरूघाटाच्या चढावर, तर कुणाची थेट मंडीत, सडक्या पाल्यानं बुळबुळीत झालेल्या उतारावर. पावसाळ्यात असं झालं तर कुणी कारण विचारत नाही. पण आभाळ स्वच्छ, पाऊस जाऊन दोन-तीन महिने झालेले, आणि तरी दर वर्षी नेमकं याच दिवसांत? उपाय विचारला तर दहांतले नऊ जण सांगतात, मागे वाळूची दोन-चार पोती टाक.

सल्ला खोटा नाही. डांबरावर तो चालतो, मुरमावर चालतो, बर्फाच्या मुलखात तर पिकअपवाले वर्षानुवर्षं तेच करत आले आहेत. आपल्या माळव्याच्या ओल्या काळ्या मातीत मात्र तीच पोती गाडीला आणखी खाली बसवतात, आणि मग पोती उतरवा, फावडं शोधा, ट्रॅक्टरवाल्याला हाक मारा. म्हणून पोती उचलण्याआधी चाक कशावर घसरतंय ते ओळखणं हे खरं काम आहे.

रिकामी गाडीच का घसरते

पिकअपचं इंजिन, गिअरबॉक्स, केबिन आणि ड्रायव्हर हे सगळं वजन पुढच्या चाकांच्या आसपास असतं. मागे असतो तो पत्र्याचा हौदा आणि टनभर माल पेलण्यासाठी बसवलेले जाड पाटे, म्हणजे एकावर एक पानं रचलेल्या स्प्रिंगा. गाडी ओढतात मागची चाकं, आणि रिकाम्या गाडीत वजन कमी असतं तेही मागच्याच चाकांवर. त्यात पाटे इतके कडक, की माल नसताना ते जवळजवळ दबतच नाहीत. खड्ड्यावरून गेलं की मागचं चाक उडतं आणि जमिनीवरची पकड क्षणभर सुटते.

दुसरी गोष्ट डिफरन्शियलची, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटून देणाऱ्या गिअरांची. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो, त्यामुळे एक चाक बुळबुळीत जागी असलं की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. डावं चाक गरगर फिरतंय आणि उजवं कोरड्या जमिनीवर निवांत उभं आहे, हे चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असेल. गाडीत बिघाड नसतो तेव्हाही असंच होतं.

आता वजनानं किती फरक पडतो, याचा हिशेब एकदा मांडून पाहू, कारण यात बऱ्याच जणांची अपेक्षा भलतीच मोठी असते. समजा रिकामी गाडी १७०० किलोची आहे, त्यातले मागच्या एक्सलवर ७५० किलो. समोर १२ फुटांना १ फूट चढ. रस्त्यावर दव, धूळ आणि ट्रकांचं सांडलेलं डिझेल मिळून झालेला चिकट थर, म्हणून घर्षणांक, म्हणजे चाकावरच्या वजनाचा किती हिस्सा पकड म्हणून मिळतो तो आकडा, ०.२ धरू. कोरड्या डांबरावर हाच आकडा ०.७ ते ०.८ असतो, दाबून बसलेल्या हिमावर ०.२ ते ०.३, आणि काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर ०.१ च्या आसपास. मागच्या चाकांची पकड झाली ७५० चा पाचवा हिस्सा, म्हणजे १५० किलोइतका जोर. चढायला लागणारा जोर मात्र १७०० भागिले १२, म्हणजे १४२, आणि चाकं लोळवण्यासाठी आणखी २५, एकूण १६७. गाडी घसरणारच.

बरोब्बर एक्सलवर २०० किलो टाकले. पकड झाली ९५० चा पाचवा हिस्सा, १९०. पण गाडी आता १९०० किलोची झाली, तेव्हा चढायला लागणारा जोरही वाढून १८७ वर गेला. निघाली, पण जेमतेम. १५० किलो टाकले असते तर पकड १८० आणि गरज १८२, म्हणजे चाक तिथंच फिरत राहिलं असतं. चढावर गाडीचं थोडं वजन आपोआप मागे सरकतं, तो फायदा मी इथे धरलेला नाही, पण त्यानं या चित्रात फार फरक पडत नाही. याउलट वजन तसंच ठेवून फक्त मागचे टायर चांगले घातले आणि घर्षणांक ०.२ चा ०.२५ झाला, तर ७५० किलोवरच पकड १८७ होते आणि लागतात १६७. दोनशे किलो वाळू वाहून जे मिळवायचं, त्याहून जास्त नक्षी असलेल्या टायरनं मिळतं. तेही रोज डिझेल न जाळता.

आधी खाली उतरून टाच रोवा

आमच्या घरची गाडी बटाटा-लसणाच्या हंगामात रोज पहाटे बाहेर असते. आमच्या ओळखीचे एक काका आहेत, सगळी हयात गॅरेजात गेलेली. एकदा सांवेरच्या बाजूला गाडी अडली तेव्हा मी त्यांना फोनवर विचारलं, "काका, पोती चार आहेत मागे. शेतकऱ्याकडून अजून दोन घेऊन टाकू का?" ते म्हणाले, "पोत्यांचं नंतर बघू. आधी खाली उतर, चाकाशेजारी टाच रोव आणि काय होतं ते सांग."

टाच रोवली तर बुटाचं अख्खं टाचकं आत गेलं, आणि पाय वर उचलला तेव्हा बुटाला मातीचा गोळा लटकलेला. टायरकडे पाहिलं तर नक्षीच्या सगळ्या खाचा लिंपून बंद झालेल्या, रबर दिसतच नव्हतं, काळ्या मातीचं गुळगुळीत चाक तेवढं दिसत होतं. हे सांगितल्यावर काका म्हणाले, "मग आहेत ती पोतीसुद्धा उतरव."

तेव्हापासून ही टाचेची परीक्षा मी सगळ्यांना सांगत असतो. टाच घासली तर वरचा पातळ चिखल बाजूला होतो आणि खाली कडक लागतं का? मग वजन उपयोगी आहे. टाचेखाली खडे, वाळू किंवा मुरूम सरकतो का? तिथेही वजन बऱ्यापैकी मदत करतं. टाच मुकाट आत जाते आणि बाहेर येताना माती सोबत घेऊन येते? तिथं वजन म्हणजे संकट.

काळी माती अशी का वागते

माळव्याचं पठार बेसाल्टचं आहे, दख्खनच्या लाव्ह्यातून झालेलं, आणि आपली काळी माती त्याच खडकाची झीज. तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीचं प्रमाण मोठं असतं. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आक्रसून भेगाळते. म्हणूनच पिकाला ती सोन्यासारखी. चाकाला मात्र तीच वैरीण.

१७७३ मध्ये कुलोम या फ्रेंच अभियंत्यानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध मांडला. मातीची ताकद दोन गोष्टींनी बनते, असं त्यात त्यानं दाखवलं. एक, कणाकणांतलं घर्षण, जे वरून दाब वाढला की वाढतं. दुसरी, मातीची स्वतःची चिकट पकड, जिला वरच्या दाबाशी देणंघेणं नाही. वाळूत जवळजवळ सगळं पहिलं असतं, म्हणून वाळूवर, मुरमावर वजन टाकलं की चाकाला जोर मिळतो. पाण्यानं तुडुंब भरलेल्या चिकणमातीत वरून दाब दिला तर तो आधी आतल्या पाण्यावर जातो, कण एकमेकांवर घट्ट बसत नाहीत. मग उरते ती फक्त चिकट पकड. ती वाढवायची तर चाकाचा जमिनीला टेकणारा भाग मोठा करावा लागतो. किलो वाढवून काही हाती लागत नाही. उलट चाक खोल जातं, आणि खोल गेलेल्या चाकाला स्वतःपुढची माती सतत ढकलत राहावी लागते.

म्हणून काळ्या मातीत जाताना गाडी हलकी ठेवायची आणि टायरमधली हवा योग्य ठेवायची. बऱ्याच पिकअपच्या पुस्तिकेत किंवा दाराजवळच्या पट्टीवर मागच्या टायरसाठी हवेचे दोन आकडे असतात, भरलेल्या गाडीचा एक आणि रिकाम्या गाडीचा एक. आपल्याकडे बारा महिने भरलेल्या गाडीचाच आकडा ठेवतात, कारण परत येताना माल असतोच आणि पुन्हा हवा कोण भरणार! दगडासारखा फुगलेला टायर रिकाम्या गाडीखाली मधल्या पट्टीवरच टेकतो. शेतात शिरण्याआधी रिकाम्या गाडीच्या आकड्यापर्यंत हवा उतरवा, आणि माल भरून डांबरावर आल्यावर निघण्याआधी पुन्हा पूर्ण भरा. यासाठी गाडीत हवा मोजायचं मीटर आणि बॅटरीवर चालणारा पंप हवाच हवा. कमी हवेवर भरलेली गाडी रस्त्यानं पळवली तर टायर तापून फुटतो. पंप नसेल तर हवा उतरवूच नका.

पाणी येतं कुठून

दर थंडीतच हे का होतं, याचं उत्तर बटाट्याच्या शेतात सापडत नाही. खोदणीच्या आधी शेतकरी बटाट्याचं पाणी तोडतो, त्यामुळे ते शेत बऱ्यापैकी सुकलेलं असतं. ओली असते ती वाट. शेजारच्या शेतात गहू उभा असतो, त्याला याच दिवसांत पाणी चाललेलं असतं, आणि शेतीची वीज रात्री असेल तर मोटारही रात्रीच सुरू होते. पाट फुटला किंवा वाफा भरून वाहिला की पाणी गाडवाटेवर येतं, कारण वर्षानुवर्षांच्या चाकांनी तीच सगळ्यात खोल झालेली असते. थंडीत ऊन कोवळं, दुपारपर्यंत वाट सुकत नाही, आणि रात्री पुन्हा पाणी.

त्यामुळे आम्ही आदल्या संध्याकाळी शेतकऱ्याला बटाट्याच्या भावाबरोबर हेही विचारतो, की शेजारच्या गव्हाला आज पाणी आहे का आणि रात्री मोटार चालणार का. चालणार असेल तर गाडी पक्क्या रस्त्यावर उभी करायची आणि माल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तिथवर आणायचा. हमालीचे चार पैसे जास्त जातात हे खरं. पण अडकलेल्या गाडीमागे जाणारी पहाट, क्लच प्लेट आणि हुकलेला लिलाव यांचा हिशेब केला तर ती हमाली स्वस्त पडते. ज्यांचं त्याच गावात दर वर्षी जाणं-येणं आहे त्यांनी शेतकऱ्याशी बोलून वाटेच्या वाईट तुकड्यावर मुरूम टाकून घ्यावा. तो काळ्या मातीत हळूहळू गडप होतो, दोन-तीन हंगामांनी पुन्हा टाकावा लागतो, पण गाडी निघते.

जिथे वजन टाकायचंच आहे तिथे

घाटासाठी, मुरमाच्या रस्त्यासाठी आणि मंडीतल्या बुळबुळीत काँक्रीटसाठी वजन कामाचं आहे. ते ठेवायची जागा मात्र बहुतेक गाड्यांत चुकलेली दिसते. पोती फाळक्याजवळ टाकलेली असतात, कारण चढवायला तिथंच सोपं पडतं.

समजा पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये ३ मीटर अंतर आहे. २०० किलो वजन बरोब्बर मागच्या एक्सलवर ठेवलं तर सगळं मागच्या चाकांवर जातं, पुढची चाकं जशीच्या तशी. तेच वजन एक्सलच्या मागे ६० सेंटिमीटर ठेवलं तर मागच्या चाकांवर २४० किलो वाढतात, पण पुढच्या चाकांवरून ४० किलो उचलले जातात. मागची पकड वाढली म्हणून ड्रायव्हर खूश होतो आणि घाटातल्या ओल्या वळणावर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाते. एक्सलच्या पुढे, केबिनकडे ६० सेंटिमीटर ठेवलं तर मागे १६० आणि पुढे ४० किलो वाढतात. माझं मत विचाराल तर एक्सलवर किंवा एक्सलच्या अगदी जरा पुढे. मागे कधीच नाही.

सपाट हौद्यात एक्सल कुठे आहे ते वरून कळत नाही. गाडी सपाट जागी उभी करा, मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर हौद्याच्या बाजूच्या पत्र्यावर ऑइलपेंटनं एक रेघ मारा, दोन्ही बाजूंना. पहाटेच्या अंधारात कुणीही पोती चढवली तरी रेघेवर ठेवायची एवढं सांगितलं की पुरतं.

पोतं सिमेंटचं रिकामं घ्या, पण गच्च भरू नका. त्यात कोरडी वाळू काठोकाठ भरली तर पन्नास किलोच्या वर जाते आणि उचलताना कंबर धरते. अर्ध भरलं की पंचवीस-तीस किलो होतं, एक माणूस उचलतो, शिवाय ते आडवं पसरून बसतं, लोळत नाही. एका पोत्यात दुसरं घालून दुहेरी करा, नाहीतर महिन्याभरात वाळू हौद्यात सांडलेली दिसेल. २०० किलोसाठी अशी सात-आठ पोती लागतात. ती आडवी लावून पुढे-मागे एकेक लाकडी बल्ली टाका, आणि वरून रॅचेटचा पट्टा हौद्याच्या कड्यांत आवळा. सुती दोरी दवानं भिजली की सैल पडते.

वाळूऐवजी दगड, काँक्रीटचे ठोकळे, जुनी लोखंडी चाकं टाकणारे आहेत. जोराचा ब्रेक लागला की ती वस्तू केबिनच्या मागच्या काचेकडेच येते. पाण्याचा पिंप टाकायचा विचारही बरा दिसतो, दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, रिकामा करायलाही सोपा. पण अर्धा भरलेला पिंप वळणावर हिंदकळतो आणि नको त्या वेळी वजन नको त्या बाजूला नेतो. वाळूचा एक जादा फायदा असा, की चढावर गाडी अडलीच तर एक पोतं फोडून चाकापुढे ओतता येतं.

बर्फाच्या देशांतही हेच चालतं. अमेरिका-कॅनडाकडे पिकअपच्या हौद्यात एक्सलवर वाळूच्या पिशव्या टाकतात, पण त्याआधी टायर बदलतात, कारण कडाक्याच्या थंडीत साध्या टायरचं रबर कडक होतं आणि रस्ता धरत नाही. तिथं वाळू ओली राहिली तर गोठून तिचा दगड होतो, म्हणून ती कोरडी ठेवावी लागते. इंदूरच्या थंडीत रबर इतकं कडक व्हायची वेळ येत नाही, हिवाळी टायर घ्यायची गरज नाही. पण पोती कोरडी ठेवायचा नियम इथंही पाळा. ओल्या पोत्यांखाली हौद्याचा पत्रा गंजतो.

वजन टाकल्यानं ब्रेक सुधारतात असा एक समज आहे. निसरड्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वजनानं कमी होत नाही, कारण पकड वाढते त्याच प्रमाणात थांबवायचं ओझंही वाढतं. मागचं बूड मात्र कमी फेकलं जातं, हा फायदा खरा. काही पिकअपमध्ये मागच्या एक्सलला एक दांडी जोडलेला वॉल्व असतो. तो हौदा किती दबलाय ते पाहून मागच्या ब्रेकला कमी-जास्त दाब देतो. पाटे काम करून घेतले, एखादं पान वाढवलं, की गाडीची उंची बदलते आणि त्या वॉल्वचा हिशेब चुकतो. मग रिकाम्या गाडीची मागची चाकं ब्रेक दाबताच लॉक होतात किंवा भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक लागतच नाहीत. पाट्यांच्या कामानंतर हा वॉल्व पुन्हा जुळवून घेतलाय का, हे मेकॅनिकला आवर्जून विचारा. न विचारता ते सहसा कुणी करत नाही.

टायरबद्दल एवढंच, की नवे टायर पुढे आणि जुने मागे ही आपल्याकडची सवय रिकाम्या पिकअपला घातक आहे. कायद्यानं नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी, पण ओल्यावर तेवढ्यानं काही होत नाही, त्याच्या कितीतरी आधी मागचे टायर बदलावेत. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी खोल दिसली तरी म्हातारं रबर टणक झालेलं असतं.

काटा आणि कागद

पोती घातलेल्या गाडीचा मंडीत एक वेगळाच घोटाळा होतो. भरलेली गाडी काट्यावर चढते तेव्हा पोती आत असतात. माल उतरवताना हमाल पोतीही खाली काढून ठेवतात, आणि रिकामी गाडी पुन्हा काट्यावर जाते तेव्हा ती दोनशे किलोनं हलकी झालेली असते. कागदावर दोन क्विंटल बटाटा जास्त दिसतो. व्यापाऱ्याच्या लक्षात आलं तर शेतकऱ्यावर आणि तुमच्यावर संशय, आणि नाही आलं तर त्याचं उघड नुकसान. पोती दोन्ही वेळा आत ठेवा किंवा दोन्ही वेळा बाहेर, आणि काटेवाल्याला आधीच सांगून ठेवा.

शिवाय पोत्यांचं वजन मालाच्या मर्यादेतूनच वजा होतं. आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा गाडी वर गेली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये. माल भरला की मागच्या चाकांवर तसंही भरपूर वजन येतं. तेव्हा शेतात पोहोचल्यावर पोती उतरवून शेतकऱ्याकडे ठेवणं आणि पुढच्या खेपेला उचलणं हेच सोयीचं.

गाडी अडकलीच तर

चाक फिरायला लागलं की पाय लगेच काढा. आणखी रेस दिली तर चाक खड्डा खणतं आणि क्लचचा वास येतो. पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी हळू क्लच सोडून पाहा. एकच चाक फिरत असेल तर हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून हलकी रेस द्या. फिरणाऱ्या चाकाला थोडा अडथळा झाला की दुसऱ्याला जास्त जोर मिळतो. हे ज्या गाडीचा हँडब्रेक थेट मागच्या चाकांवर लागतो तिथंच चालतं, आणि काही सेकंदच करायचं, नाहीतर ड्रम तापतात.

काळ्या मातीत चाकापुढची माती फावड्यानं काढून उतार करा, टायरच्या खाचांतली माती खरवडा आणि चाकाखाली बारदान घाला. बटाट्याच्या शेतावर बारदानाला तोटा नसतो. सोयाबीन काढून झालेलं असतं, त्याचं भुसकट बांधावर पडलेलं असेल तर तेही चालतं, पण जाड थर लागतो. वाळू इथं ओतू नका, माती ती गिळून टाकते. ट्रॅक्टरनं ओढायची वेळ आली तर साखळी ओढायच्या हुकाला किंवा चॅसीला लावा, बंपरला नाही, आणि दोन्ही गाड्यांच्या मधे कुणाला उभं राहू देऊ नका.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. गाडी अडली की "चार माणसं मागे चढवा" असं कुणीतरी म्हणतंच, आणि खोदणीला आलेली मजुरांची पोरं हसत हसत फाळक्यावर लटकतात. चाकाला पकड मिळते त्या क्षणी गाडी झटक्यानं सुटते. फाळक्यावरचा माणूस मागे पडतो, आणि गाडी परत मागे घरंगळली तर तो चाकाखाली असतो. मागून ढकलणाऱ्यांच्या अंगावर चाकाखालचे दगड आणि बारदान गोळीसारखे येतात. टाचेखाली कडक लागत असेल आणि वजन हवंच असेल, तर शेतात बटाट्याची भरलेली पोती असतात, ती रेघेवर ठेवा. माणसाला वजन म्हणून वापरू नका. मालक शेजारी उभा असला आणि घाई करत असला तरीही नाही.

हे सगळं नीट असूनही कोरड्या, सपाट जागी निघताना एकाच बाजूचं चाक दर वेळी फिरत असेल, तर वजनाचा नाद सोडा. दोन्ही मागच्या टायरची हवा आणि नक्षी सारखी आहे का ते पाहा. मग गाडी सपाट फरशीवर लावून दोन्ही बाजूंना हौद्याची उंची टेपनं मोजा. एक बाजू खाली असेल तर त्या बाजूच्या पाट्याचं पान तुटलंय किंवा पाटा एक्सलला आवळणारा यू-बोल्ट ढिला झालाय. उंची सारखी असेल तर दुसऱ्या बाजूचा ब्रेक धरून राहतोय का ते बघायचं. थोडी गाडी चालवून दोन्ही ड्रमजवळ हात न्या, लावू नका. एक बाजू जास्त गरम लागली तर गाडी त्याच दिवशी गॅरेजात न्या.